गायमुखच्या उतारासाठी चामडं

पेटी उघडली की कापराचा वास येतो आणि मला बाबांचे लग्नातले बूट आठवतात.

प्लेगाच्या आधीची गोष्ट. बाबा मिठागरावर कारकून होते आणि ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने सायकलवर जायचे. तेव्हा ब्रेक म्हणजे दांडा दाबला की पुढच्या चाकाच्या रबरावर टेकणारा चामड्याचा तुकडा. तो पार झिजलेला. आदल्या दिवशी गायमुखच्या उतारावर सायकल थांबलीच नाही, आणि बाबा गुडघे फोडून घरी आलेले.

ओट्यावर बसून बाबा नव्या ब्रेकसाठी चामड्याचे दोन तुकडे चाचपत होते. टांग्याचा पट्टा कडक, तो रबर कापील. पखालीचं चामडं मऊ, आठवडाभरही टिकायचं नाही. आई मासे साफ करता करता ऐकत होती. ती हात धुऊन उठली, पेटीतून ते बूट काढले आणि एकाची टाच सुरीने उचकटायला लागली.

"अगं, ते मला पुरताना घालायचे ना!" बाबा ओरडले. आम्हा ख्रिस्त्यांच्या घरांत माणसाला लग्नाच्याच कपड्यांत निरोप द्यायची रीत.

"म्हणूनच," आई म्हणाली. "इतक्यात लागायला नकोत."

मला तेव्हा फक्त त्या चकचकीत बुटाची हळहळ वाटलेली.

बाबा पुढे चांगले म्हातारे होऊन गेले. आईने तेच बूट त्यांच्या पायांत चढवले. एकाला टाच नाही, हे मी तिच्या कानात सांगितलं.

ती नाडी बांधत राहिली. "असू दे," म्हणाली. "आता कुठे उतार आहे?"