शॉर्ट नारळ

आणि पहिली गोष्ट, माझा नवरा बिघडलेला नाही. आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन काय येतो... "काकू, काका हल्ली कनालवर कुठल्या कुठल्या लोकांत बसतात म्हणे. जरा लक्ष ठेवा."

अहो, गेल्या हिवाळ्यात कारखान्याने ह्यांना घरी बसवलं, तेव्हा चार महिने हे बेसमेंटमध्ये होते. तेव्हा कुणी लक्ष ठेवलं? एक फोन नाही.

चार महिने... टीव्ही बंद, माणूसही बंद. जेवायला हाक मारली की वर यायचे, ताट धुऊन ठेवायचे, परत खाली. नोकरी आज ना उद्या मिळेल, पण माणूस हसायचंच विसरला तर काय करायचं, ही मला जास्त भीती.

मे महिन्यात शेजारच्या टोनीने दारात हॉर्न वाजवला. सत्तरीचा म्हातारा, एकटा राहतो. ह्यांना जवळजवळ ओढतच गाडीत घातलं आणि आमच्या श्रूजबरी गावाहून दीड तास लांब केप कॉडच्या कनालवर, म्हणजे समुद्राच्या कालव्यावर, नेलं. स्ट्राइपर नावाचा मासा धरायला... आपल्या रावसासारखा, अंगावर काळ्या रेघा.

हे सोलापूरचे. ह्यांनी मासा जवळून पाहिला तो लग्नानंतर, माझ्या ताटात. तिथे गळाला जिवंत वाम लावतात, सापासारखी वळवळणारी, ती हातातून सुटली तर हे गाडीत जाऊन बसले, असं टोनीने मला हसत सांगितलं. पण पुढच्या शनिवारी हॉर्न वाजायच्या आधीच हे दारात उभे होते.

आता खरं सांगते, चिडले मी पण होते. दर शनिवारी जाणार, दर शनिवारी रिकाम्या हाताने येणार. विचारलं तर म्हणतात, "मिळाला होता. सोडला."

सोडला? मी हर्णैची. बापाची होडी होती. हातात आलेली मासळी पाण्यात सोडणाऱ्याला आमच्याकडे डोक्यावर लिंबू चोळायला नेतात.

म्हणून परवा शनिवारी मीच गेले बघायला. त्यातून नारळी पौर्णिमा. इथे अमेरिकेत शेंडीचा नारळ कुठला मिळायला... सुपरमार्केटमधला तासलेला घेतला, हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं.

दगडांवर सहा जण गळ टाकून उभे, सातवे हे. कोणी बिअर पीत नव्हतं, कॉफी पीत होते. सेक्रेटरीबाईंनी लिहून घ्यावं.

ह्यांच्या गळाला मासा लागला. टोनीकडे मापाची एक लाकडी पट्टी आहे, तिच्यावर ह्यांनी मासा ठेवला... कारखान्यात यंत्राचा सुटा भाग मोजायचे तसा, डोळा बारीक करून. कायद्याच्या मापाला बोटभर कमी भरला. "शॉर्ट," सगळे एकदम म्हणाले. मग ह्यांनी दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरलं, त्याचा दम परत येईपर्यंत. आणि सोडला.

टोनी म्हणाला, हा मासा फार कमी झालाय. लहान आहेत ते वाढू देत, पिल्लं होऊ देत.

आमचा बाप पावसात होडी वर ओढून ठेवायचा ती नारळी पौर्णिमेपर्यंत. घरात काही नसलं तरी. गाभोळीचे दिवस, मासळीच्या पोटात अंडी, तिला हात लावायचा नाही. चौथी शिकलेली असले तरी हे मला कोणी शिकवायला नको होतं... आणि मी तीन महिने ह्यांना बोलत बसले.

नारळ घेतला, हात जोडले, दर्याला दिला. पाण्याला ओढ होती, नारळ चालला.

तर पुढच्या दगडावरचा लाल दाढीवाला लांब दांड्याची जाळी टाकतो काय, नारळ काढतो काय... आणि धापा टाकत माझ्याकडे पळत येतो. "मॅम, तुमचं सामान पडलं."

दर्याला दिलेला नारळ परत येतो, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ह्यांनी त्याला इंग्रजीत समजावलं, तसा त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरला. टोपी काढून उभा राहिला.

टोनीने त्याच्या हातातून नारळ घेतला. पट्टीवर ठेवला. डोळा बारीक केला. "शॉर्ट," म्हणाला. मग खाली उतरून दोन्ही हातांनी पाण्यात धरला, मासा धरतात तसा, आणि हळूच सोडला.

आणि हे हसले. दगडावर बसून, पोट धरून, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत... कितीतरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकला. मला रागवायचं होतं, देवाची चेष्टा म्हणून. राहूनच गेलं.

येताना गाडीत स्वतःहून म्हणाले, लाल दाढीवाल्याच्या ओळखीची एक टूलरूम आहे, साचे-हत्यारं बनवतात ती, सोमवारी जाऊन येतो. आज सोमवार, गेलेत. मिळेल न मिळेल... दाढी करून गेलेत.

तर आता मंडळाला विचारते. हे पत्रकात छापा, काटछाट नको. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीच्या पिकनिकला त्या सहाही जणांना मी बोलावलंय. सेक्रेटरीबाई म्हणतात, पिकनिक आपल्या लोकांची असते. माझा माणूस बेसमेंटमधून ज्यांनी वर काढला, ते माझे आपले.

मटणाचा मसाला मी आठ जणांचाच वाटणार आहे, ते सहा आणि आम्ही दोघं. मटणाचा डबा तुमच्या पिकनिकच्या पार्कात आणायचा की कनालवर न्यायचा, एवढंच मला गुरुवारपर्यंत फोन करून सांगा.