आत्याची लाडावलेली बुरशी

माझ्या आत्याने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. माझं मत स्पष्ट आहे. तिला कुणी नीट विचारलंच नाही. आधी धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग आजीचं आजारपण, आणि पुढे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हिला एकटीलाच राहायला आवडतं. आवडत वगैरे काही नव्हतं. संध्याकाळी तिच्याकडे गेलं की ती दुसरा कप आधीच काढून ठेवायची.

नोकरी सरकारी संशोधन संस्थेत, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. काम बुरशा सांभाळायचं. बटाट्याचं पाणी, साखर आणि घट्ट व्हायला अगार असं शिजवायचं, काचेच्या बश्यांत ओतायचं, गार झालं की जुन्या बशीतला बुरशीचा कण सुईने नव्या बशीत ठेवायचा. लोक भाकरीवरची बुरशी खरवडून फेकतात, आमची आत्या तिला वाढते, असं बाबा म्हणायचे. ती हसायची. तिच्यावर केलेल्या विनोदांना हसण्याची तिला सवय झाली होती.

त्यात एक बुरशी तिची स्वतःची. तरुणपणी एका सुताराच्या आवारात, ओल्या भुशाच्या ढिगावर सापडलेली, गडद लाल. मी तिला राणीसरकार म्हणायचे. तिचा एक नमुना परदेशी कंपनीने रीतसर नेला आणि त्या लाल रंगातून जखम चिघळू न देणारं औषध काढलं. बुरशी आमची, पण औषध काढायच्या पद्धतीचं पेटंट त्यांचं. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याबद्दल मीच तणतणत असे, ती नाही.

मग जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय कराराचं वारं आमच्या संस्थेपर्यंत आलं. ज्या देशातला जीव, त्या देशाला त्याच्या फायद्यात वाटा मिळाला पाहिजे, आणि वाटा म्हणजे नुसता पैसा नव्हे, तंत्रज्ञानसुद्धा. वाटाघाटी होऊन कंपनीने बुरशी वाढवायची मोठी स्टीलची टाकी दिली आणि आपली पद्धत इथे वापरायची परवानगीही दिली. अट एकच, बुरशी संस्थेने स्वतःजवळची वापरायची. साहेबांनी टाकी आत्याच्या हवाली केली. औषध आता इथेच, तिच्या हातून निघणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी महत्त्वाचं काम तिचं नाव घेऊन तिला दिलं होतं. तिने नव्या चपला घेतल्या आणि मला फोन करून सांगितलं.

टाकीतून निघालं ते पांढरट, नासक्या दुधासारखं पाणी.

"बाई, लाल कुठंय?" साहेबांनी विचारलं.

लाल कधीच गेला होता. बुरशीला सतत आयतं, गोडधोड खायला मिळालं की ती सुस्तावते, रंग बनवायचं हळूहळू सोडून देते. खरं तर तिला तेलाखाली थंडीत झोपवून ठेवायचं असतं, आणि आत्याला ते पक्कं माहीत होतं. बाकीच्या बुरशा तिने तशाच ठेवल्या होत्या. राणीसरकारला मात्र दर थोड्या दिवसांनी नवी बशी, वर चमचाभर जास्त साखर. रंग इतका सावकाश उतरला की तिला वाटलं आपली नजर अधू झाली. तिने चष्मा बदलून घेतला.

"झोपवली असती तर रोज बघायला काय राहिलं असतं गं?" ती मला म्हणाली.

सुताराच्या आवारात आता गाड्या लावतात. राहिली फक्त कंपनीकडची. साहेबांनी ती परत मागितली. कंपनीचा वकील संगणकाच्या पडद्यावर आला, फार गोड बोलला. आम्ही त्या बुरशीत सुधारणा केल्या आहेत, म्हणाला, तेव्हा ती आता आमची. ताडून बघायला जरूर पाठवू, पण उत्पादन करायचं नाही आणि बघून झालं की नष्ट करायची, कॅमेऱ्यासमोर. आपल्याच लेकीचं तोंड बघायला जावयाची परवानगी घ्यायची, त्यातली ही गत! माझा संताप झाला. आत्या मात्र म्हणाली, "येऊ दे तर खरी."

ती आली, इवल्याशा कुपीत. बशीत वाढली आणि लालभडक झाली. आत्याने मला मुद्दाम बोलावून दाखवली. झाकणावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ उभी होती.

"अश्शीच होती," ती म्हणाली. "तिकडे मानवलं हो तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलाच्या देखत तिने स्वतःच ती बशी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात ठेवली आणि झाकणाचे स्क्रू आवळले. वकिलाने आभार मानले. टाकी तशीच पडून राहिली. लोक तिच्यावर हेल्मेटं ठेवू लागले. साहेबांनी आत्याला सांगितलं, ती पांढरीसुद्धा काढून टाका, उगाच जागा अडते.

पुढच्या आठवड्यात मी गेले तर खोलीत उकडलेल्या बटाट्यांचा वास भरलेला, आणि आत्या पांढऱ्या बुरशीसाठी नवी बशी ओतत होती. मला राहवलं नाही. ज्या बुरशीने तिची एवढी शोभा केली, तिचेच लाड!

"आत्या, अगं काय उपयोग आहे हिचा आता?"

तिने वर न बघता सुई ज्योतीत धरली.

"उपयोग असता," ती म्हणाली, "तर कुणी नेली नसती का?"