मावशीच्या वेलाला भोपळा का धरला नाही

आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी ग्रामसेविका झाले. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली मुलगी मी. नेमणूक मिळाली परांड्याकडच्या एका लहान गावात. बायकांना परसबाग शिकवायची, हे माझं काम. पण परसबागेतलं माझ्याहून जास्त कळणारी एक बाई त्या गावात आधीच होती.

सगळे तिला मावशी म्हणत. नवरा वारलेला, लेक सोनारीला दिलेली. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत ती भोपळा, काकडी लावायची. बी राखेत घोळून ठेवायची आणि पेरणीआधी घरोघर वाटायची. तिच्या तुकड्याच्या कडेला तरवड, रानतुळस, आघाडा यांचं दाट बेट माजलं होतं. त्यात मधमाश्यांचं मोहोळ होतं.

"त्याला हात लावू नगा बरं का, बाई," ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "त्या माशा माझे रोजगारी हाईत."

मी हसले होते.

श्रावण सरता सरता कळलं, तालुक्याहून साहेब गाव बघायला येणार. गाव स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून मी ते बेट काढायचं ठरवलं. मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. खरं सांगायचं तर ती गावात नाही हे बघूनच मी दिवस धरला. दोन गडी लावले. मोहोळाखाली ओली चिपाडं पेटवली, तरवड मुळासकट उपटला. मोकळ्या जागेभोवती चुन्याची रेघ ओढली. साहेब म्हणाले, "वा!" आणि मी चार दिवस हवेत होते.

मावशी परत आली. कडेला उभी राहून बघितलं आणि वेलाकडं वळली. पंधरा दिवसांत वेल फुलांनी भरला, पण बोटभर भोपळे पिवळे पडून गळायला लागले. तिचेच नव्हे, आसपासच्या सगळ्या परसांतले.

चावडीत बैठक होती तेव्हा सरपंचांनी विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. भोपळा का धरंना?"

मला कारण माहीत होतं. या फुलातला पराग त्या फुलात माशी नेते, यावर प्रशिक्षणात मी पानभर उत्तर लिहिलं होतं, शाबासकीही मिळवली होती. ते सगळं तिथं उभ्या उभ्या आठवलं. आणि मी म्हणाले, "बी खराब आहे. घरचं बी वापरू नका, बाजारातलं आणा."

मावशी दाराशी बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर सावरला आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला गेले, तर ती वेलात वाकलेली. एक फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढायची आणि दुसऱ्या फुलात हलकेच फिरवायची. मग तिसऱ्यात.

"काय करताय, मावशी?"

"माशा गेल्या. आता म्याच करते त्यांचं काम," ती मान वर न करता म्हणाली.

मी घागर तशीच घेऊन परत आले. खरं सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. शेवटी बायकांच्या बैठकीत म्हणाले, "बी चांगलं होतं. मोहोळ मी जाळलं. चूक माझी, आणि वर मी खोटं बोलले."

एक म्हातारी म्हणाली, "लेकरांच्या तोंडचं कालवण घालवलं की वं तुमी."

मावशी म्हणाली, "मला ठावं हुतं. तुमी कवा सांगताव, तेच बगत हुते." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही घरोघर परसाच्या कडेला झेंडू, तुळस, तीळ लावले. थोडी कोथिंबीर न खुडता फुलावर येऊ दिली. विहिरीजवळ मावशीनं तरवडाचं बी टोकलं, त्याला पाणी मी घातलं. माश्या लगेच आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी कडुलिंबाच्या ढोलीत एक मोहोळ बसलं आणि भोपळे धरले.

बायका मात्र बी बाजारातूनच आणत राहिल्या. मी दारोदार जाऊन सांगितलं, की मावशीचं बी घ्या, ते कधीच खराब नव्हतं. त्या मान हलवायच्या. एकीनं चुलीपुढून न उठता मला म्हटलं, "आदी एक म्हणलाव, आता एक म्हणताव. आमी कोणतं खरं धरावं, बाई?"

मी उंबऱ्यात उभी होते. तिथून निघाले आणि पुढच्या दाराशी जाऊन पुन्हा तेच सांगितलं.