समोरच्या घराचा पिवळा रंग

फोटोग्राफीच्या कोर्सला मॅडमनी एक काम दिलं होतं: एकच माणूस, एकच खुर्ची, एकच खिडकी, दहा रविवार. दर रविवारी ठरलेल्या वेळी एक फोटो. उजेड फक्त खिडकीचा, फ्लॅश नाही, दिवा नाही. सातव्या आठवड्यानंतर झालेलं काम दाखवायचं आणि एडिट केलेल्या फोटोसोबत मूळ रॉ फाईलही आणायची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं.

वर्गातल्या निम्म्या लोकांनी घरातलं सर्वांत म्हातारं माणूस निवडलं, सुरकुत्या मिळतात म्हणून. मी बाबांना निवडलं, कारण रविवारी सकाळी नऊ वाजता खुर्चीत बसवून ठेवता येईल असं घरात दुसरं कोणी नव्हतं. आई दोन मिनिटं बसली नसती.

बाबा शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहेत. आमचं घराणं मात्र मूळचं विणकरांचं. मी चालता हातमाग कधी पाहिला नाही, पण बाबांचं लहानपण मागाशेजारी गेलं आणि रंग पारखायची खोड अजून सुटलेली नाही. कापडाच्या दुकानात ते प्रत्येक कापड दाराबाहेर उन्हात नेऊन बघतात. तेवढा वेळ आई आणि मी त्यांना ओळखत नसल्यासारख्या उभ्या राहतो.

पहिले तीन रविवार उत्तम गेले. चौथ्याच्या आधी समोरच्यांनी घराला रंग दिला, पिवळाधमक. नंदनवन वस्तीतली आमची गल्ली अरुंद, त्यामुळे त्यांच्या भिंतीवर पडलेलं ऊन सरळ आमच्या खिडकीत येतं. त्या रविवारचा फोटो लॅपटॉपवर उघडला तर बाबांचा चेहरा पिवळट. मी समोरच्यांना मनातल्या मनात भरपूर ऐकवलं. मग कामाला लागले, कारण आजूबाजूच्या रंगाची झाक चेहऱ्यावर आली तर ती कशी काढायची, हे आम्ही त्याच आठवड्यात शिकलो होतो आणि मला हात दाखवायची घाई होती.

आधी सगळ्या फोटोचा रंग थंड, म्हणजे निळसर बाजूला नेऊन पाहिला. चेहरा सुधारायच्या आतच बाबांचं पांढरं बनियन निळं पडलं. म्हणून मी एडिटिंगमधला मास्क लावून फक्त चेहऱ्याचा भाग वेगळा निवडला आणि तेवढ्यातलाच पिवळा खाली ओढला. डोळ्यांतला पांढरा भागही मळकट दिसत होता, तो ब्रशने उजळवला. ही युक्ती मी व्हिडिओ बघून शिकले होते. फोटो इतका छान झाला की मी तो आईला दोनदा दाखवला.

बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"काहून वं, मले गोरा करून राहिली काय?"

"समोरच्या भिंतीचा रंग पडते बाबा, तो काढला."

"रंग चुकला," ते म्हणाले. "आरशात मी असा नाही दिसत."

"आरशाचं काय घेऊन बसले! या स्क्रीनचे रंग मी स्वतः सेट केले आहेत."

"राहू द्या ना," आई म्हणाली. "चांगले दिसून राहिले, लग्नातल्यासारखे."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. ज्या माणसाला दोन मोतिया रंगांतला फरक कळतो त्याला मी रंग शिकवत होते, आणि तेही मोठ्या तोऱ्यात.

त्या दिवसांत ते तीनऐवजी दोनच पोळ्या खायचे. पोटात वायू धरतो म्हणायचे आणि ओवा चावायचे. हात सारखे खाजवायचे. गोदामातल्या पोत्यांची धूळ, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं. खुर्चीत बसल्या बसल्याही ते खाजवायचे आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडायचे, "हलू नका ना बाबा!" पाचव्या रविवारी पिवळा जरा वाढला. सहाव्या रविवारी कमी झाला, तेव्हा वाटलं, ढग असतील. सातव्या रविवारी तो पुन्हा चांगलाच चढला. मास्क तयारच होता, फक्त आकडा वाढवायचा होता.

सोमवारी वर्गात मॅडमनी सातही फोटो पडद्यावर ओळीने लावले. कौतुकाची वाट बघत मी पहिल्या बाकावर बसले होते. मॅडम फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी सातव्या फोटोची रॉ फाईल उघडली आणि विचारलं, "हा पिवळा कुठून आला?"

मी समोरच्या भिंतीची सगळी गोष्ट सांगितली.

"बनियन पांढरं आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"भिंतीचा रंग चेहऱ्यावर पडला आणि चेहऱ्याखाली वीतभर अंतरावरच्या बनियनवर नाही पडला?"

त्यांनी फोटो मोठा केला. पडद्यावर बाबांचा एकच डोळा उरला, हळदीचा हात लागल्यासारखा.

"कोण आहेत हे?"

"माझे बाबा."

"त्यांना फोन कर आणि दवाखान्यात घेऊन जा. आजच. उद्या नाही."

माझ्या मनात पहिला विचार आला तो गुणांचा. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. दुसरा विचार जिना उतरताना आला आणि मग पायऱ्या दिसेनात.

संध्याकाळी आम्ही तिघं धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टरांनी बाबांची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि आईला विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"आज पोरीनं सांगितलं तवा पाहिलं जी," आई म्हणाली. "चार-पाच दिवस झाले असतील."

"नक्की? हे महत्त्वाचं आहे. मध्ये कमी झालं होतं का?"

आईला सांगता येईना. मला येत होतं. लॅपटॉप दप्तरात होता. तो टेबलावर ठेवून मी सातही रॉ फाईली एकापुढे एक उघडल्या आणि कोणता फोटो कोणत्या तारखेचा ते सांगितलं. चौथ्या रविवारपासून पिवळा, सहाव्याला कमी, सातव्याला जास्त. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बघू लागले.

"मग चौथ्या रविवारीच का नाही आणलं?"

"मला भिंतीचा रंग वाटला. मी दर वेळी तो पुसला."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांचा हात धरला. डॉक्टर म्हणाले, कमीजास्त होतंय म्हणजे पित्ताचा खडा अडकत-सुटत असेल, पण तपासणीशिवाय सांगता येणार नाही. खडा नसेल तर दुसरं काय असू शकतं हे त्यांनी उच्चारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढचे दोन दिवस तपासण्यांत गेले.

खडाच निघाला. पित्ताच्या नळीत अडकला होता. तो काढला, नंतर पित्ताशयही काढलं. आठवा रविवार दवाखान्यात गेला, नववा घरी पलंगावर.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच गोष्ट सांगायचे. "पोरीले वाटे, बाप चांगला दिसावा. म्हणून बिचारी पिवळा रंग पुसे." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी चहा करायला आत जायचे. डॉक्टरांचा प्रश्न मला इतका लागला नव्हता जितकं हे कौतुक लागत होतं.

दहाव्या रविवारी नऊ वाजता बाबा आपणहून येऊन खुर्चीत बसले. हडकले होते. समोरची भिंत तशीच पिवळीधमक होती आणि बाबांचे डोळे स्वच्छ पांढरे. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला.

"बाबा, तुम्ही चांगले दिसावे म्हणून नव्हतं केलं मी ते. फोटो चांगला दिसावा म्हणून केलं होतं."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सात रविवार बसलो ना मी इथं. हलू नका म्हणे, इकडे पाहा म्हणे, मान खाली घ्या म्हणे. कसं वाटून राहिलं बाबा, असं एकदा बी नाही विचारलं तू."

खिडकीतला उजेड अगदी हवा तसा होता. मी कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवला.

"कसं वाटून राहिलं बाबा?"

त्यांनी पोटावरून हात फिरवला.

"भूक लागली," ते म्हणाले.

आईने पोळ्या टाकल्या. ते खात होते आणि मी समोर बसून मोजत होते. तीन खाल्ल्या. दहावा फोटो साडेदहाला निघाला, तोवर ऊन खिडकीवरून सरकलं होतं. वेळ पाळली नाही म्हणून मॅडमनी त्या फोटोचे गुण कापले. मी भांडले नाही.