बाजू कोरा

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. 'श' कुठला आणि 'ष' कुठला हे चौथीपर्यंत कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळा नव्हती. वाचणारं कोणी नाही, वही पिठाच्या डब्यामागे असते, तरी आधी माफी मागते. वाचता मात्र मला नीट येतं. पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

नवघरला एका गाळ्यात आम्ही बाया गाड्या बनवतो. खऱ्या नाहीत, वीतभर लांबीच्या. परदेशातले मोठे पुरुष त्या विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मावशी म्हणाली, "आणि आपली पोरं काडेपेटीला चाकं लावून खेळली."

मावशी माझ्या शेजारी बसायची. रायगडची, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला. एक अक्षर वाचता यायचं नाही, पण सुई अशी चालवायची की शेठ तिचं काम गिऱ्हाइकाला दाखवायचा. दिवसभर तोंड चालू. मी बोलत नाही म्हणून माझ्यावर जास्त. "मुके बाय, चहा आलाय, मान तरी हलव." "हिच्या नवऱ्याचं बरं आहे, घरात भिंत आणली." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. घरी जाताना तेच आठवत जायची.

त्या वर्षी अमेरिकेतल्या जुन्या घरगुती गाड्यांचं काम आलं. स्टेशन वॅगन म्हणतात. पुढून साधी मोटार, मागे छत तसंच शेपटापर्यंत गेलेलं. बाया तिला मयताची गाडी म्हणायच्या, कारण मागे माणूस आडवा मावेल. शेवटची सीट उलटी, पोरांची तोंडं मागच्या रस्त्याकडे. ती सीट चिकटवताना मावशी म्हणाली, "शहाणी माणसं. आईबाप भांडायला लागले की पोरांनी बघायला नको."

बहुतेक गाड्यांच्या दोन्ही बाजूंना लाकूड असायचं. खऱ्या गाडीलाही लाकूड खरं नव्हतं म्हणे, लाकडाचं चित्र चिकटवलेलं असायचं. आम्ही पिवळट रंगावर तपकिरी रंग मारायचो आणि तो ओला असतानाच सुईने रेघा ओढायचो, म्हणजे खालचा रंग लाकडाच्या शिरांसारखा दिसायचा. या कामाला आम्ही कोरणं म्हणायचो. "तुझ्या किती कोरून झाल्या?" असं एकमेकींना विचारायचो.

मग शेठने चाळीस गाड्या वेगळ्या आणल्या. गडद निळ्या. त्या दिवशी तो खुशीत होता, मोबाइलवर फोटो दाखवत होता. म्हणाला, त्या काळी तिथे काही बापांना गाडी भाजी आणायची हवी होती आणि इंजिन शर्यतीचं हवं होतं. कंपनीला सांगून तसं करून घ्यायचे. मागे पोरं आणि भाजीच्या पिशव्या, आणि सिग्नल सुटला की शेजारचा तरुण त्याच्या लाल गाडीत मागे राहायचा. अशा गाड्या फार थोड्या झाल्या. बाहेरून काही कळायचं नाही, पुढच्या चाकामागे छोटा आकडा, बस. "बाहर से गाय, अंदर से शेर," शेठ म्हणाला.

"आमच्या मुकीसारखी," मावशी म्हणाली. "फक्त अंदर पण गायच."

दुसऱ्या दिवशी शेठ बाहेरगावी गेला. त्या चाळीस गाड्यांचे ट्रे आमच्या टेबलावर आले. झाकणावर शेठच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती. मावशीने ट्रे माझ्याकडे सरकवला. "वाच गो, चौथी पास."

मी वाचलं. "बाजू कोरा."

"आणि काय?"

"एवढंच."

शेठ गुजराती. त्याला म्हणायचं होतं, बाजू कोऱ्या, रिकाम्या, काही करू नका. मराठीत 'बाजू कोऱ्या' लिहायला हवं होतं, पण ते त्याला कुठे माहीत. मी मराठी शाळेतली. कोरा म्हणजे कोरा, सुई घ्या आणि कोरा. मला एकदा वाटलं होतं की निळ्यावर लाकूड कसं? आदल्या दिवशी तर त्याने बाहेरून काही कळायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण वाचून दाखवलेलं मागे घ्यायचं म्हणजे मावशीच्या तोंडी लागायचं. मी गप्प बसले. मावशी कोरण्यात हुशार, म्हणून तिने तीस घेतल्या आणि मला दहा दिल्या. निळ्यावर तपकिरी नीट बसेना, म्हणून तिने सुई दाबून चालवली, खालचा धातू दिसेपर्यंत. माझ्याही तशाच झाल्या. संध्याकाळी सगळ्या तिच्याच ट्रेमध्ये वाळत ठेवल्या.

शेठ आला आणि ट्रेसमोर उभा राहिला. एका गाडीच्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ये क्या किया? बाजू कोरा लिहिलं होतं ना मी! कोरा! खाली! साफ!"

"कोरा म्हणून तर कोरल्या, शेठ," मावशी म्हणाली.

बायांना हसू आलं. त्या हसण्याने तो बिथरला. आकड्यांचे स्टिकर गाड्यांवर आधीच लावलेले होते, ते तिकडून मोजून आलेले, दुसरे मिळणार नव्हते. रंग धुवावा तर चरे धातूत गेलेले.

"किसने पढ़ा?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. ती थांबली, मी स्वतः सांगेन म्हणून. मग म्हणाली, "हिनं वाचलं."

"तू पढ़ी?" शेठने मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

टेबलावरची एक म्हणाली, "मावशी, त्या गरिबावर कशाला ढकलता? ती नाव विचारलं तरी पदर तोंडात घालते." दुसरी म्हणाली, "वाचता येत नाही तर विचारायचं ना कोणाला तरी." ज्यांनी मला वाचताना ऐकलं होतं त्यासुद्धा खाली बघत बसल्या. मावशीच्या जिभेचा मार सगळ्यांनी खाल्लेला होता.

मला भीती होती हे खरं. काम गेलं असतं. पण वही माझी आहे, तर सगळं लिहिते. मावशी बोलता बोलता अडकली, तोंड उघडं राहिलं आणि शब्द येईना, ते बघायला मला बरं वाटलं.

तिला त्याच दिवशी काढलं. दीड महिन्याचा पगार शेठकडे राहिला होता, बारा हजार. तो नुकसानीत धरला. तिची जागा मला मिळाली. सुईही तिचीच.

चार-पाच महिन्यांनी केबिन रोडवर ती दिसली. एका दुकानाच्या पायरीखाली बसून सोललेले वाल विकत होती. मी रस्ता ओलांडणार तेवढ्यात ओरडली, "अगो, चौथी पास! ये ना." लोक बघायला लागले. मी गेले. ती वाल सोलत राहिली, वर बघितलंही नाही.

"शेठला जाऊन सांग, तूच वाचलंस म्हणून. दुसरीकडे काम मागायला गेले तर म्हणतात, चाळीस गाड्या खराब करणारी तीच ना तू."

मी म्हटलं, "पैसे देते. बारा हजार."

तेव्हा तिने वर बघितलं. "पैशे तर देशीलच. सांगशील का?"

मी पदर तोंडाशी धरला.

"मुकी," ती म्हणाली. "वेळेवर बरी मुकी होतेस."

दर महिन्याच्या दहा तारखेला मी पाचशे रुपये घेऊन नवघरच्या तिच्या खोलीवर जायला लागले. घरी सांगितलं की भिशी लावली आहे. मावशी मला दारातच बसवायची, आत कधी घेतलं नाही. शेजारच्या बायांना हाक मारायची आणि घरातला एखादा कागद माझ्या हातात द्यायची. लाइटबिल, औषधाची पुडी, कुकरबरोबर आलेला कागद.

"वाच. मोठ्यानं. आमच्यासारख्या अडाण्यांना कळू दे."

माझा आवाज फुटायचा नाही. ती म्हणायची, "ऐकू नाय आलं. पहिल्यापासून." बाया पोट धरून हसायच्या. एकदा कुकरचा कागद मी तीनदा वाचला. शिट्टी साफ ठेवावी, रबर वेळेवर बदलावं. तिसऱ्या वेळी रडायला आलं, तर म्हणाली, "रडायचं बाहेर जाऊन. खाली वाल सांडलेत, ते ओले होतील." पाचशे घेतले आणि दार लावलं.

मी गाळ्यात कधीच काही सांगितलं नाही. तसा मोका आला होता. शेठने एकदा आपणहून विचारलं, "वो मावशी का हाथ अच्छा था, कहाँ है आजकल?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेव्हा पंधरा हप्ते देऊन झाले होते, मावशीचं दार मला पाठ होतं.

वर्ष उलटल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुझी भिशी लागणार कधी?" मी म्हटलं, भिशीवाली बाई पैसे घेऊन पळाली. तो त्या नसलेल्या बाईला शिव्या देत जेवला. मी भाकरी वाढत होते. दुसऱ्यांदा एका बाईवर ढकलताना मला पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात दिला. मावशीने शेजारणींना हाक मारली नाही. कागदही दिला नाही. मी आणलेली नोट उजेडात धरली आणि म्हणाली, "फाटकी आहे. बदलून आण." मी खाली वाण्याकडे गेले, अर्धा किलो साखर घेतली, मग त्याने ती नोट घेऊन उरलेले पैसे परत दिले. थोडे सुटे माझ्याकडे होते, ते घालून पाचशे पुरे केले आणि वर आले. तिने मोजले. परत एकदा मोजले आणि कनवटीला लावले.

मी विचारलं, "झाले ना पूर्ण?"

"पैशे झाले," ती म्हणाली. "आता ह्या दारात दिसू नको."