पश्चिमेची काच

पुणे रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांच्या शोरूमचा आर्किटेक्ट मीच. समोर दुमजली काच, तीही पश्चिमेला, कारण रस्ता तिकडे. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. पहिल्याच उन्हाळ्यात काचेवर पडदे पडले, म्हणून मालकांनी मला बोलावलं.

दारासमोर एक काकडीवाला सकाळी इमारतीच्या सावलीत उभा असे. ऊन दारावर आलं की तो हातगाडी मागच्या बाजूला ढकली, आणि टाय सैल करत सगळे सेल्समन त्याच्या मागोमाग.

मीही गेलो. काकडीचं टोक कापून त्याच चकतीनं ती घासत तो म्हणाला, "आमच्या गोठ्याचं तोंड उगवतीला हाय. जनावराला दुपारचं ऊन सोसत न्हाई. ही तर लाखामोलाची जनावरं."

"रस्ता पश्चिमेला आहे ना! गाड्या गिऱ्हाइकाला दिसायला नकोत?"

"पडदे दिसत्यात की. लई भारी हायेत."

त्यानं मीठ लावून काकडी हातात दिली. "सायेब, तुमचं सोताचं घर कुठल्या तोंडाचं?"

"पूर्वेच्या."

"व्हय?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. "म्हंजी ठावं हुतं तुमाला."