पड रे बाबा, कुणीतरी

कुणी पडलेलं आमच्या आत्याला बघवत नाही. राजपुऱ्याच्या आमच्या गल्लीत सायकलवरून कुणी घसरलं, कुणाचा पाय गटारात गेला, की सगळ्यांच्या आधी आत्या बाहेर. एका हातात हळदीचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि तोंड चालू, "कुठं बघून चालू राहिला रे तू? लागलं का? दाखव. दाखव म्हणते ना." लागलेलं नसलं तरी हळद लावल्याशिवाय ती सोडत नाही. एकदा पालिकेचा माणूस नळाचा पाइप तपासायला रस्त्यावर आडवा झाला होता, तर त्यालाही तिनं पाणी पाजून उठवलं. आणि हीच बाई गेल्या वर्षी दर शनिवारी संध्याकाळी आमच्या टीव्हीसमोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून हात जोडून म्हणायची, "पड रे बाबा, कुणीतरी पड."

हे असं का, ते सांगायला हवं. आत्या सध्या इथं नाही म्हणून सांगता येतंय. असती तर तिनं मला लिहूच दिलं नसतं.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. माझ्या वडिलांना राखी बांधायची म्हणून मी आत्या म्हणू लागलो, माझं ऐकून गल्ली म्हणू लागली, आणि आता तिचं खरं नाव फक्त रेशन कार्डावर उरलं आहे. नवरा लवकर गेला. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून तिनं एकुलत्या मेघाला वाढवलं. मेघा इंदूरला फिजिओथेरपी शिकली, पुढचं शिकायला जर्मनीला गेली, तिथली भाषा शिकली आणि एका फुटबॉल क्लबात नोकरीला लागली. खेळाडू मैदानात पडला आणि रेफरीनं हात केला की बॅग घेऊन धावत जायचं, हे तिचं काम. आत्याला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून पुन्हा माझंच काम करू राहिली. हळद तरी देतात का तिला?"

मेघानं सामने बघायची लिंक पाठवली. आमचा टीव्ही इंटरनेटवाला, त्यामुळे ऑगस्टपासून शनिवार आमच्याकडे ठरला. माझी बायको वंदना चहा टाकायची. शेजारचे दिनूभाऊ, ज्यांची निंबोल्याला केळीची बाग आहे, ते हक्काची खुर्ची पकडायचे. फुटबॉलमधलं आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं. दिनूभाऊंना कळतं असं फक्त दिनूभाऊंचं म्हणणं होतं.

मेघाचा क्लब म्हणजे जाहिरातींत झळकणारा बडा क्लब नव्हे. तिकडे फुटबॉलच्या पायऱ्या आहेत आणि हा क्लब तिसऱ्या पायरीवरचा. त्या पायरीवर वीस संघ, वर्षभर खेळायचं आणि शेवटच्या चौघांनी खाली उतरायचं. खालच्या पायरीवर पैसा इतका कमी की निम्मे लोक दुसरी नोकरी करून खेळतात. दिनूभाऊंनी हे सगळं आत्याला केळीच्या हिशेबात समजावलं. "आत्या, पहिला माल बाहेरदेशी जातो, दुसरा दिल्लीला, आणि तिसरा इथल्या मंडईत. आपला क्लब तिसरा माल." आत्याला ते अजिबात आवडलं नाही. "तिसरा असला तरी विकला जातो ना? मग गप बसा," ती म्हणाली.

पहिल्याच सामन्यात एक जण धाडकन पडला. आत्या सावरून बसली, तर भलताच एक जाडा माणूस बॅग घेऊन धावत आला. "हा कोण? ह्याला कुणी बोलावलं? मेघा कुठंय?" पडलेला समोरच्या संघाचा होता आणि त्यांच्यासाठी त्यांचाच माणूस येणार, हे तिच्या गळी उतरवता उतरवता अर्धा खेळ संपला. मेघाचा संघ निळ्या कपड्यांतला. तेव्हापासून आत्याची मागणी नेमकी झाली. "निळ्यांतलाच पाड देवा. जास्त लागू देऊ नको. नुसतं मुरगळल्यासारखं."

आणि एका शनिवारी एक निळा पडला. केस घट्ट बांधलेली मेघा मैदानात धावत आली, गुडघ्यावर बसली, त्याच्या पोटरीवर कसला तरी फवारा मारला, काहीतरी बोलली आणि गेली. आत्यानं मोडा टीव्हीजवळ ओढला. मग म्हणाली, "वाळली आहे."

फोनवर रोज बोलणं व्हायचंच की दोघींचं. चेहरेही दिसायचे. पण फोनवर मेघा "मी मस्त आहे गं" म्हणायची आणि आत्याही तेच म्हणायची, दोघी एकमेकींना छान फसवायच्या. टीव्हीवरची मेघा कामात असायची, कपाळाला आठ्या घालून. आत्याला ती मेघा बघायची असायची. तिची तक्रार एकच होती. मेघा कधी कॅमेऱ्याकडे बघत नसे. "आई बघू राहिली हे माहीत आहे ना हिला? मग एकदा वर बघायला काय होतं?"

हळूहळू आत्या पडण्यातली जाणकार झाली. गोल कसा झाला, कुणी केला, ह्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण कोण खरा पडला आणि कोण नाटक करतोय, हे ती रेफरीच्या आधी सांगायची. तिचा सगळ्यात लाडका होता लंबू. उंच, पांढुरक्या केसांचा, निळ्यांचे निम्मे गोल तोच करायचा, पण आत्याचं प्रेम त्यामुळे नव्हतं. तो वारा लागला तरी पडायचा. "गुणी मुलगा आहे," ती म्हणायची, "मागितलं की पडतो."

ऑक्टोबर सरता सरता तिकडच्या लोकांनी घड्याळ तासभर मागं घेतलं. दरवर्षी घेतात म्हणे. आम्हाला काय माहीत? साडेपाचला सगळे जमलो आणि तासभर क्लबचं चिन्ह बघत बसलो. दिनूभाऊंनी दोनदा टीव्ही बंद करून चालू केला. मेघाला विचारल्यावर उलगडा झाला. आत्या म्हणाली, "मनाला आलं तसं घड्याळ फिरवतात, मग आपल्या पोरींना वेळेवर जेवायला कोण देणार?" तेव्हापासून खेळ साडेसहाला सुरू होऊ लागला आणि आत्या घरचा दिवा लावून धावतच यायला लागली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आत्यानं नेहमीसारखं "पड रे बाबा" म्हटलं आणि लंबू पडला. हेडर मारायला उंच उडाला, खाली आला तो वाकड्या पायावर. ह्या वेळी तो लोळला नाही, ओरडला नाही, नुसता घोटा धरून पडून राहिला. मेघा धावत आली. एवढा वेळ ती टीव्हीवर कधीच दिसली नव्हती. एक हात त्याच्या पायाखाली, दुसऱ्या हातानं त्याचा हात घट्ट धरलेला, आणि स्ट्रेचर येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत होती. आत्यानं तोंड फिरवलं. "बंद कर तो टीव्ही," म्हणाली आणि चहा तसाच टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी आत्याच्या घरी मावा जलेबी यायची, काळीभोर, गरम, आणि त्यातली अर्धी आमच्या घरी. त्या दिवशी आली नाही. तो मुलगा परत पायावर उभा राहून खेळेपर्यंत आत्यानं जलेबी सोडली होती. वंदनानं समजावून बघितलं, "आत्या, तू इथं बोललीस म्हणून तिथं कुणी पडतं का?"

"मग इतके दिवस मी कशाला बोलत होते?" आत्या म्हणाली.

शनिवारी ती येत राहिली, पण आता मोड्यावर मुकाट बसायची. कुणी पडलं की डोळे मिटायची आणि मेघा आली की एक डोळा उघडायची. लंबू नाही म्हणजे गोल नाहीत. थंडीची सुट्टी संपली, खेळ पुन्हा सुरू झाला आणि निळे घसरायला लागले. दिनूभाऊ मोबाइलवर गुणतक्ता बघून सुस्कारे टाकायचे. होळीच्या सुमाराला निळे शेवटच्या चारांत जाऊन बसले, आणि मेघानं फोनवर सांगितलं की संघ खाली उतरला तर तिची नोकरी संपेल. करारच तिसऱ्या पायरीपुरता होता. दुसरं काम चटकन मिळालं नाही तर परत यायचं.

गल्लीला आनंदच झाला. पोरगी घरी येणार, इंदूरला दवाखाना काढेल, शनिवार-रविवार घरी राहील. दिनूभाऊ तर म्हणाले, "आत्या, तुमचं दोन्हीकडून चांगलंच. जिंकले तर नोकरी, हरले तर पोरगी."

आत्या त्यांच्यावर भडकली. "दोन्हीकडून चांगलं असतं तर मला झोप लागली असती, दिनूभाऊ. मला ती इथं पाहिजे. रोज पाहिजे. भाकरी टाकताना दोन जास्त टाकते मी अजून. पण टीव्हीवर तिचं तोंड बघितलं ना तुम्ही, त्या पोराचा हात धरला तेव्हा? ते काम तिच्याकडून काढून घेऊन तिला माझ्या ओट्यावर बसवू का मी?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आणि बसवावंसंही वाटतं. काय करू?"

त्या दिवसांत ती रोज ताप्तीवर जायची. राजघाटाच्या पायऱ्यांवर उभी राहून हात जोडायची. काय मागते म्हणून मी विचारलं. म्हणाली, "काही सुचतच नाही रे. नुसती सांगते, तू बघ."

मे महिन्यात शेवटचा सामना आला. जिंकले तर राहणार, नाहीतर खाली. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं, आणि आमच्या खोलीत कूलरसमोर अख्खी गल्ली. निळे एक गोल खाऊन बसले, मग कसाबसा एक फेडला. खेळ संपत आला तेव्हा निळ्यांनी शेवटचा बदली खेळाडू आत पाठवला. लंबू. आत्या मोड्यावरून अर्धी उठली.

लंबू थोडा धावला, एकाला चकवलं, आणि दुसऱ्यानं मागून त्याच्या पायात पाय घातला. पडला. तोच पाय, तोच घोटा. आता आत घ्यायला कुणी नव्हतं. तो उठला नाही तर निळे दहा जणांनिशी खेळणार, म्हणजे संपलंच. रेफरीनं हात केला. मेघा धावत आली आणि कॅमेरा तिच्यावर जाऊन थांबला. पूर्ण पडदाभर मेघा, घामेजलेली, केस सुटलेले, लंबूचा घोटा दोन्ही हातांत घेऊन. वर्षभर जे मागितलं ते इतक्या जवळून समोर होतं. कुणी टीव्हीकडे बघत नव्हतं. सगळे आत्याकडे बघत होते.

आत्यानं डोळे मिटले नाहीत. मोड्यावरून उतरून ती टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसली, आणि शाळेत जायला कुरकुरणाऱ्या पोराला उठवावं तशा आवाजात बोलू लागली. "ऊठ रे बाबा. ऊठ. काही झालेलं नाही तुला. तिनं धरलंय ना? मग ऊठ. जाऊ दे तिला तिच्या जागेवर."

लंबू उठला. मेघाच्या खांद्यावर हात ठेवून रेषेबाहेर गेला, पाय आपटून बघितला आणि परत आत आला. मेघा पडद्यावरून गेली. मग कॉर्नर मिळाला, सगळे गोलसमोर गोळा झाले, चेंडू दोन-तीन डोक्यांवर आपटला आणि आत गेला. कुणाच्या डोक्याचा होता ते आम्हाला आजही ठाऊक नाही. दिनूभाऊंनी खुर्ची पाडली.

आत्यानं स्वतः जाऊन जलेबी आणली. घराघरांत वाटली, दिनूभाऊंना दोन जास्त दिल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून पहिला घास खाता खाता रडायला लागली. रडतही होती, खातही होती. वंदनाला म्हणाली, "आता ती येत नाही गं." आणि मग लगेच, "तू घे ना, गार होते."

नोकरी पक्की झाल्यावर मेघानं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. सामानात आत्यानं लंबूसाठी रवा-तुपाच्या गोड दराब्याचा डबा घेतला आणि मेघानं नको नको म्हटलं तरी हळद. आम्ही तिला खांडव्यापर्यंत सोडायला गेलो, तिथल्या स्टेशनावर निरोप दिला. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून वंदनाला सांगत होती की शनिवारी मोडा आतच ठेव, बाहेर उन्हात वाळतो.

मोडा आत आहे. शनिवारी आम्ही अजून सामना लावतो. निळा पडला की मी सवयीनं म्हणतो, "आत्या, आली बघ."

गेल्या शनिवारी वीज गेल्यामुळे आमचा सामना बुडाला, आणि दिवेलागणीला तिचा फोन आला. पहिल्यांदाच मैदानावर गेली होती. "फार मोठं आहे रे," ती म्हणाली. "इथून मेघा एवढीशी दिसते. तुमच्या घरी जवळ दिसायची."

"कुणी पडलं का?" मी विचारलं.

"पडला ना एक निळा. ती धावत गेली, आणि मी आपली सवयीनं उभी राहिले, लागलं का रे म्हणून. जोरात बोलले वाटतं. आजूबाजूची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली."

"मग?"

आत्याच्या आवाजात हसू होतं.

"मग काय. तिनं वर बघितलं."